‘टीचर्सना टेक्नॉलॉजी येत नाही’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना

आमच्या धंद्यात एक वाक्य चहाबरोबर येतं. ‘प्रॉब्लेम प्रॉडक्टचा नाहीये, टीचर्सचा आहे. त्यांना टेक्नॉलॉजी येत नाही.’ मग सगळे माना हलवतात, कप टेबलावर ठेवतात आणि पुढच्या मीटिंगला जातात. मीही तीन वर्षं मान हलवली. पगार चांगला होता, आणि मान हलवायला काही लागत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. राहणार शेगाव. इथल्याच गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेजातून २०१९ साली बाहेर पडलो आणि आमच्या बॅचमधल्या अर्ध्या पोरांसारखा पुण्याला गेलो. पुण्यातली तीन वर्षं प्राथमिक शाळेतल्या मुलांना गणित शिकवणारं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत काढली. आता दुसऱ्या कंपनीचं काम घरूनच करतो. घरी आई आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शेगावपासून स्कूटीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर, खारपाणपट्ट्यातलं गाव. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. तिच्याकडे तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्ग एकाच खोलीत.

म्हणजे ज्या ‘टीचर्स’बद्दल मी पुण्यात मान हलवायचो, त्यातली एक रोज सकाळी माझा डबा भरून ठेवायची आणि मग कामावर जायची. हे माझ्या लक्षात यायला बराच उशीर लागला.

बावन्न वजा सत्तावीस

एका संध्याकाळी आई म्हणाली, “बाबू, मले ते एक्सेल शिकव.” मला वाटलं, पुन्हा कुठला तरी तक्ता वर पाठवायचा असेल. मी म्हटलं, “दे इकडे, मी भरून देतो.” तर म्हणाली, “भरून नको देऊ. शिकव. मले पोरायच्या चुका लिहून ठेवायच्या हायेत.”

मला यात इंजिनिअरचा मोह झाला. चुका कशाला हाताने लिहायच्या? मी तिला आमचं जुनं ॲप दाखवलं. प्रश्न येतो, चार पर्याय येतात, मूल बोट लावतं, बरोबर आलं की हिरवी टिक आणि टाळ्या, चुकलं की ‘पुन्हा प्रयत्न कर’. प्रत्येक मुलाचा रिपोर्ट आपोआप तयार. मी म्हटलं, “हे बघ, सगळं ऑटोमॅटिक.”

तिनं चष्मा लावला. स्क्रीनवर प्रश्न होता: ५२ − २७. तिनं मुद्दाम चुकीचा पर्याय निवडला, ३५. ॲप म्हणालं, पुन्हा प्रयत्न कर.

“हे उदाहरण कोनं निवडलं?” तिनं विचारलं.

“कॉम्प्युटर निवडतो. रँडम.”

“म्हनजे कोनंच नाही निवडलं.”

मग तिनं माझ्याच वहीचं एक पान घेतलं. एखादं मूल ३५ लिहितं तेव्हा ते दोन वेगळ्या कारणांनी लिहू शकतं. पहिलं कारण: दोनातून सात जात नाहीत म्हणून ते उलटं करतं, सातातून दोन काढतं. पाच. मग पाचातून दोन गेले तीन. उत्तर ३५. दुसरं कारण: ते दशक सुटा करतं, दोनाचे बारा करतं, बारातून सात गेले पाच, अगदी बरोबर. पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतं. पाचातून दोन गेले तीन. उत्तर पुन्हा ३५.

“पहिल्या पोराले वजाबाकी म्हनजे काय तेच समजलं नाही. दुसऱ्याले सगळं समजलं, फक्त एक पायरी राह्यली. दोघाय्‌ले तुहं ॲप एकच गोष्ट सांगते. पुन्हा कर. काय पुन्हा कर?”

मी गप्प. ती पुढे म्हणाली, “सत्तावीसच्या जागी अठ्ठावीस घे.”

घेऊन बघा. ५२ − २८. उलटं करणारं मूल लिहितं ३६. दशक कमी करायला विसरणारं मूल लिहितं ३४. बरोबर उत्तर २४. आता तीन मुलं, तीन उत्तरं. कागदावर नजर टाकली की कोण कुठे अडलंय ते कळतं. एक आकडा बदलला आणि जे उदाहरण मुकं होतं ते बोलायला लागलं.

आमच्या भाषेत याला टेस्ट केस म्हणतात. दोन वेगळे बग एकच आउटपुट देत असतील तर तुमची टेस्ट केस निकामी आहे, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. हे मला माहीत होतं. फक्त ते मी मुलांच्या वजाबाकीला कधी लावलं नव्हतं. डी.एड. झालेल्या माझ्या आईनं मात्र वर्षानुवर्षं फळ्यावर उदाहरण लिहिताना हेच केलं होतं.

हिरव्या टिकेचा हिशेब

त्या रात्री मी आमच्याच ॲपचा हिशेब मांडला. तुम्हीही मांडू शकता, चौथीचं गणित आहे.

वजाबाकीत एककाच्या घरात वर एक अंक, खाली एक अंक. शून्य ते नऊ, अशा एकूण १०० जोड्या. त्यातल्या ४५ जोड्यांतच वरचा अंक खालच्यापेक्षा लहान असतो, म्हणजे दशक सुटा करावा लागतो. उरलेल्या ५५ मध्ये सरळ वजाबाकी. आमचं ॲप अंक रँडम निवडायचं. म्हणजे ‘मोठ्यातून लहान काढायचं, कुठलाही अंक वर असो’ असा चुकीचा नियम डोक्यात घेऊन बसलेल्या मुलाची शंभरातली साधारण ५५ उत्तरं बरोबरच येणार. आणि आमचा नियम काय होता? दहापैकी पाच बरोबर आले की पुढची लेव्हल.

शिवाय पर्याय चारच. मुलानं काढलेलं चुकीचं उत्तर पर्यायांत नसेल तर त्याला आपोआप कळतं की काहीतरी बिघडलंय, मग ते उरलेल्यांतलं एक दाबतं. चारातलं एक कधी ना कधी लागतंच. ज्या एका गोष्टीवरून चूक ओळखता आली असती, मुलानं स्वतः काढलेलं उत्तर, ती गोष्टच आम्ही स्क्रीनवर लिहू देत नव्हतो. लिहू दिलं असतं तर लहान फोनवर कीबोर्ड उघडला असता आणि डिझाइन बिघडलं असतं.

हे सगळं नवीनही नाही. १९७८ साली अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर शोधनिबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं होतं की मुलं वाटेल तसं चुकत नाहीत. प्रत्येक चुकीमागे एक पक्का नियम असतो, तो नियम चुकीचा असतो इतकंच. या चुकांना त्यांनी चक्क ‘बग’ म्हटलं होतं, आणि शिक्षकांना अशा चुका ओळखायचा सराव व्हावा म्हणून कॉम्प्युटरवर एक खेळही बनवला होता. माझ्या जन्माच्या किती तरी आधीची ही गोष्ट. त्यानंतर मेमरी लाखो पटींनी वाढली, स्क्रीन रंगीत झाली, आणि आम्ही ‘पुन्हा प्रयत्न कर’वर येऊन थांबलो.

आईच्या वर्गात चौथीतली एक मुलगी आहे. तिचा भाऊ बाहेरगावी कामाला जातो, सुट्टीत आला की तिला फोन देतो. त्या फोनमध्ये आमचंच ॲप आहे, फुकटवालं. मुलगी सहाव्या लेव्हलवर. आईच्या वहीत तीच मुलगी ४० − १७ चं उत्तर ३७ लिहिते. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य. आईनं तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं की हिला वजाबाकीसाठी थोडं थांबवून शिकवावं लागेल, रोज पाठवा, शेतावर ठेवून घेऊ नका. वडील म्हणाले, “मॅडम, फोनवर तं सगळं हिरवं येते.”

हे वाक्य मी स्वतः ऐकलं नाही, आईकडून ऐकलं. पण त्या दिवसापासून माझं चहाबरोबरचं वाक्य घशाखाली उतरत नाही. बापानं मास्तरणीवर नाही, टिकेवर विश्वास ठेवला. ती टिक माझ्या टीमनं लिहिली होती.

फोन वरच्या दिशेनं चालतो

आता ‘टीचर्सना टेक्नॉलॉजी येत नाही’ या वाक्याकडे परत येऊ. ते खोटं आहे, आणि कसं खोटं आहे ते बघा.

माझी आई रोज फोनवर काय काय करते? हजेरी भरते. आहाराची माहिती भरते. परीक्षेचे गुण भरते. मुलांची आधार माहिती जुळवते. कार्यक्रमाचे फोटो काढून, त्यावर तारीख टाकून, पीडीएफ करून पाठवते. ग्रुपवर ‘तात्काळ’ आलं की भाजी फोडणीत टाकून फोन हातात घेते. लिंक उघडत नसेल तर ब्राउझर बदलते. ओटीपी येत नसेल तर अंगणात जाऊन उभी राहते, तिथे रेंज असते. ज्या बाईला टेक्नॉलॉजी येत नाही ती हे सगळं करते, आणि नेटवर्क जात-येत असताना करते. आमच्या ऑफिसात वाय-फाय दहा मिनिटं गेलं तर लोक घरी जायचे.

फक्त या सगळ्यात एक गंमत आहे. माहिती जाते ती एकाच दिशेनं, वर. वर्गातून निघते आणि कुठल्या तरी डॅशबोर्डवर जाऊन बसते. तिथून खाली येतं ते फक्त स्मरणपत्र. वीस-बावीस वर्षांत एकदाही त्या फोनवर असं काही आलं नाही की ‘मॅडम, तुमच्या चौथीतल्या सहा मुलांचा दशक सुटा करायचा राहतोय, उद्या हे उदाहरण देऊन बघा.’ गुण ती स्वतःच भरते आणि शेवटी तिलाच टक्केवारी परत मिळते. ती टक्केवारी तिला आधीच माहीत असते, कारण पेपर तिनेच तपासलेले असतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही. २०२४ साली राज्य शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी विभागणीही केली. कागद चांगलाच आहे. पण ॲपमधून येणारं काम कागदावर काम दिसतच नाही. ते ‘दोन मिनिटांचं’ असतं. अशी दोन-दोन मिनिटं जोडली की गणिताचा तास संपतो.

आणि प्रशिक्षण? आईनं एक ऑनलाइन कोर्स केला. व्हिडिओ, मग प्रश्न, मग प्रमाणपत्र. व्हिडिओ पुढे ढकलता येत नव्हता, म्हणून तिनं तो ओट्यावर चालू ठेवला आणि भाकरी थापल्या. प्रमाणपत्र आलं. मी हसलो. ती म्हणाली, “तुह्या ॲपवरची पोरं बी असंच करत असतीन.” मग मी हसलो नाही.

वस्तू पोचते, समज पोचत नाही

ही चूक एकट्या आमच्या कंपनीची किंवा एकट्या सरकारची नाही. सगळ्या जगानं ती मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ ही कल्पना आठवते का? अमेरिकेतून निघालेली, स्वस्त हिरव्या लॅपटॉपची. भारतातला तिचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात झाला, २००७ साली, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या छोट्या गावातल्या शाळेत. पुढे दक्षिण अमेरिकेत पेरू देशानं हे लॅपटॉप लाखांनी वाटले. २०१२ मध्ये तिथल्या ग्रामीण शाळांचा मोठा अभ्यास आला. लॅपटॉप पोचले होते, मुलं ते वापरतही होती. गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही.

आपल्याकडचं उलट उदाहरणही घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. २०२० साली डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. मीही ठेवलं.

पण आपण त्यातून शिकलो काय? आपण कोड उचलला. एका शिक्षकानं आपल्या वर्गातली मुलं बघितली, त्यांना काय लागतं ते ओळखलं आणि त्यासाठी हाताशी असलेलं साधन वापरलं, ही खरी गोष्ट होती. ती छापता येत नाही, म्हणून जे छापता येतं ते छापलं. परितेवाडीत कोड शेवटी आला होता, आधी शिक्षक होता. बाकी ठिकाणी कोड आधी पोचला आणि शिक्षकाला सांगितलं गेलं, स्कॅन करा.

अमेरिकेत शिकवणाऱ्या पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ साली हेच नीट मांडलं होतं. विषय येणं, शिकवता येणं आणि तंत्र येणं या तीन सुट्या गोष्टी नाहीत. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथलं ज्ञान वेगळंच असतं, आणि ते विषय बाजूला ठेवून घेतलेल्या प्रशिक्षणातून येत नाही. सोप्या मराठीत: ‘एक्सेल शिका’ असं काही नसतं. ‘वजाबाकीतल्या चुका ओळखायला एक्सेल शिका’ असं असतं.

सत्तावन्न की पंचाहत्तर

आता माझ्या स्वतःच्या मूर्खपणाचा एक नमुना. कंपनीत मराठी आवृत्ती माझ्याकडे होती, कारण टीममध्ये मीच मराठी शाळेत शिकलेला. माझं काम म्हणजे एक फाइल. डावीकडे इंग्रजी वाक्यं, उजवीकडे मराठी. संख्यावाचनाच्या धड्यात एक सूचना होती, तिचं मी इमानदारीनं भाषांतर केलं: ‘आधी दशक ऐका, मग एकक ऐका.’

मोठ्यानं म्हणा: सत्तावन्न. आधी काय ऐकू आलं? सात. मग पन्नास. मराठीत एकक आधी येतो. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी येतो, म्हणून तिथली सूचना तिथे बरोबर. मराठी मुलाला ती दिली की ते सत्तावन्न ऐकून ७५ लिहितं, आणि आम्ही सांगितल्याप्रमाणेच लिहितं. एकोणसाठची तर वेगळीच तऱ्हा. त्यात ऐकू येतो साठ आणि लिहायचे असतात पाच आणि नऊ.

२०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आणली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. ही अडचण त्यांना दिसली होती, त्यावर त्यांनी एक उपाय सुचवला होता. महाराष्ट्रानं काय केलं? विधानसभेपासून व्हॉट्सॲपपर्यंत विनोद केले. मी तेव्हा नुकताच इंजिनिअर झालो होतो आणि त्यातले दोन विनोद मीही पुढे ढकलले होते. तो उपाय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. आईचं म्हणणं, पोरं घरी आजीकडून सत्तावन्नच ऐकणार, बाजारात सत्तावन्नच ऐकणार, तेव्हा दोन्ही शिकवावं लागतं. पण अडचण खरी आहे हे तिला कुणी सांगायला लागलं नाही. तिच्या वर्गात दर वर्षी ती अडचण बाकावर येऊन बसते. आणि दोन वर्षांनी त्याच अडचणीवर सॉफ्टवेअर लिहिताना मला मात्र ती आठवलीही नाही.

मराठी शिक्षकाला न विचारता मराठी ॲप बनवलं की असं होतं. अक्षरं मराठी, गणित दुसऱ्याच भाषेतलं.

ती काय शिकली

मग आम्ही बसलो. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, दोन आठवडे. सोपं नव्हतं, खोटं कशाला सांगू. माउसनं खाना ओढताना सगळा तक्ता हलायचा. रकान्यात आकड्यांऐवजी चौकड्या दिसल्या की ती घाबरायची, सगळं पुसलं गेलं म्हणून. मी दोनदा तिच्या हातातून माउस घेतला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “तुले दुसरीत बेरीज येत नव्हती तवा म्या तुही पाटी हिसकली होती का?” त्यानंतर मी हात मागे ठेवून बसायचो.

तक्ता तिनंच ठरवला. आडव्या ओळीत मुलं. उभ्या रकान्यात उदाहरणं, प्रत्येक उदाहरण तिनं निवडलेलं. खान्यात बरोबर-चूक नाही, मुलानं लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं. शेजारी एक अक्षर: ‘उ’ म्हणजे उलटं वजा केलं, ‘द’ म्हणजे दशक कमी करायचा राहिला, ‘शू’ म्हणजे शून्यात अडलं, ‘बे’ म्हणजे वजाबाकीची बेरीज केली. खाने आपोआप रंगवायचं मी शिकवलं. लाल रंग तिनं नाकारला, हळदीसारखा पिवळा घेतला. आठवड्याच्या शेवटी ती रंगानुसार मुलं एकत्र बसवते. ‘द’वाल्यांना दहा मिनिटं पुरतात. ‘उ’वाल्यांना पुन्हा मण्यांची माळ, काड्यांचे गठ्ठे. फोन बाजूला.

फोन वापरते तोही वेगळाच. मूल उदाहरण सोडवताना मोठ्यानं बोलतं, ती रेकॉर्ड करते. “शून्यातून सात जात नाही, म्हून सातातून शून्य.” मग तेच त्या मुलाला ऐकवते. काही वेळा मूल स्वतःचाच आवाज ऐकून म्हणतं, “मॅडम, थांबा.” आणि दुरुस्त करतं. यासाठी कुठलंही ॲप लागत नाही, रेकॉर्डर प्रत्येक फोनमध्ये असतो.

एक खेळ कॅल्क्युलेटरचा. ‘पाचाचं बटण बिघडलंय असं समजा. आता ५७ आणून दाखवा.’ कुणी ४९ अधिक ८ करतं, कुणी ६० वजा ३. गणिताच्या तासाला कॅल्क्युलेटर नको म्हणणाऱ्यांनी ही दहा मिनिटं बघावीत. आणि मी तिला दिलेली एकच तयार गोष्ट तिला आवडली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ नावाची फुकट सिम्युलेशन्स, त्यातली अपूर्णांकांची. मराठीतही आहेत, एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. तिला ती का आवडली? “यात टाळ्या नाहीत. पोरगं हलवून पाह्यते आन्‌ काय झालं ते पाह्यते.”

‘सगळे शिक्षक तुझ्या आईसारखे नसतात’

हे तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे. पुण्यातले मित्रही म्हणाले. खरं आहे, नसतात. काही टंगळमंगळ करतात, काहींना चौथीचा भागाकार स्वतःला धड येत नाही, काहींचं लक्ष बदलीकडे असतं. ‘असर’च्या सर्वेक्षणात २००५ पासून मुलांपुढे हीच दोन अंकी, दशक सुटा करायची वजाबाकी ठेवतात, आणि वरच्या वर्गातली कित्येक मुलंही तिथे अडकतात. यात शिक्षकांचा वाटा नाही असं मी म्हणत नाही.

पण मग उपाय काय निघतो? शिक्षकाला वगळून ॲप थेट मुलाच्या हातात? २०२४ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी निघाली ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. मोठ्या मुलांची ही गत, तर आठ-नऊ वर्षांच्या पोरीला एकटी फोनसमोर बसवून ती दशक सुटा करायला शिकेल, ही आशा कशाच्या जोरावर? शिक्षक कच्चा असेल तर त्याला पक्कं करणारं साधन लागेल. त्याला बाजूला सारणारं साधन त्याला आणखी कच्चं करतं, आणि वर त्याच्या वर्गातल्या बापाच्या हातात हिरवी टिक देतं.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी: गणिताचं काहीही बनवायच्या आधी महिनाभर एखाद्या जिल्हा परिषद शाळेत मागच्या बाकावर बसा. अंक रँडम निवडू नका. मुलाला उत्तर लिहू द्या, आणि ते चुकलेलं उत्तर शिक्षकाला जसंच्या तसं दाखवा. प्रशिक्षण देणाऱ्यांनी: टेक्नॉलॉजीचं वेगळं प्रशिक्षण बंद करा. वजाबाकीचं घ्या, अपूर्णांकाचं घ्या, त्यात फोन येऊ द्या. आणि माहिती मागणाऱ्यांनी: वर नेलेल्या प्रत्येक आकड्याबदल्यात वर्गाला उपयोगी पडेल असं काहीतरी खाली पाठवा. पाठवता येत नसेल तर तो आकडा मागू नका.

मी जुन्या कंपनीतल्या मित्राला सगळं लिहून पाठवलं. ५५ चा हिशेब, सत्तावीस-अठ्ठावीस, ‘आधी दशक ऐका’ ही ओळ. तो म्हणाला, मुद्दा भारी आहे, तिकीट टाकतो. त्यानं खरंच टाकलं, मला स्क्रीनशॉट पाठवला. प्रायॉरिटी: लो. मागच्या आठवड्यात विचारलं तेव्हा ते अजून ओपनच होतं.

ती मुलगी पुढच्या वर्षी पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाईल. सध्या रोज येते. वडिलांना आईनं पुन्हा बोलावलं होतं. या वेळी रिपोर्ट दाखवला नाही, फोनवरचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला, पोरीचा. ते दोन मिनिटं ऐकत उभे राहिले, म्हणाले, “मले बी असंच वाटे, मॅडम,” आणि पोरगी शेतावर न्यायचं बंद केलं. आईच्या तक्त्यात तिच्या ओळीत अजून ‘शू’ आहे. ‘उ’ गेला.